आकडा हवाय, पण कशाला?

मी लहान मुलांच्या बुद्ध्यांकाच्या चाचण्या घेते. पालकांचा फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "मॅडम, टेस्टच्या आधी काय तयारी करून घेऊ?" मी सांगते, आदल्या रात्री वेळेवर झोपवा, सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घ्या, बाकी काही नको. हे उत्तर कुणालाच पुरेसं वाटत नाही. मग मी माझा प्रश्न विचारते. "या चाचणीतून तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय?" "तो गिफ्टेड आहे का, म्हणजे वयाच्या मानाने असामान्य हुशार, ते." "समजा, आहे असं निघालं. मग शाळेत काय बदलणार आहे?" यावर पलीकडून बराच वेळ काही येत नाही. कुणी म्हणतं, "ते शाळा बघेल ना." कुणी मोकळेपणाने म्हणतं, "तसं काही ठरवलं नाही, पण माहीत असलेलं बरं."

पाच-सहा वर्षांच्या मुलाला दीड तास एका अनोळखी बाईसमोर बसवायचं, त्याच्या डोक्याचं माप काढायचं, आणि त्या मापाचा अंगरखा कोण शिवणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. असं मी वर्षानुवर्षं पाहतेय. माझं म्हणणं सरळ आहे. चाचणीनंतर वर्गात काहीतरी वेगळं घडणार असेल तर ती करा, घडणार नसेल तर करू नका. आणि चाचणी कुणाची करायची हे पालकांच्या हौसेवर सोडूच नका, ते शाळेने ठरवावं आणि सगळ्या मुलांसाठी ठरवावं. माझा चरितार्थ याच चाचण्यांवर चालतो, तेव्हा मी माझ्याच पोटावर पाय आणतेय याची मला कल्पना आहे.

आधी खोलीत काय होतं ते सांगते, कारण बाहेर बसलेल्या आईवडिलांना वाटतं आत परीक्षा चाललीय. टेबलावर लाल-पांढरे ठोकळे असतात. चित्रात दिसते तशी नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची, आणि माझ्या हातात स्टॉपवॉच. मग चित्रांची कोडी, ऐकलेले आकडे सरळ आणि उलटे म्हणणं, शब्दांचे अर्थ, दोन वस्तूंमधलं साम्य. खऱ्या चाचणीतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, म्हणून प्रश्न आणि उत्तर दोन्ही थोडी बदलून सांगते. पेन्सिल आणि खडू, यांत सारखं काय? सहा वर्षांच्या एका मुलीने छताकडे बघत विचार केला आणि म्हणाली, "दोघं काम करून करून संपतात."

नियमपुस्तिकेच्या हिशेबाने 'दोन्ही लिहायची साधनं' म्हणणाऱ्याला दोन गुण, आणि अशा उत्तराला फार तर एक. मी एक दिला. दोन द्यायची मुभा मला नव्हती, आणि नसायलाच हवी. प्रत्येक परीक्षक स्वतःला आवडलेल्या उत्तराला गुण वाटायला लागला तर आकड्याला काही अर्थच उरणार नाही. पण ते वाक्य मी अहवालात जसंच्या तसं उतरवलं. अहवाल हातात पडल्यावर वडिलांनी थेट शेवटचं पान उघडलं, कारण बेरीज तिथे असते. ते वाक्य त्यांनी वाचलं की नाही कोण जाणे.

आणखी एक गोष्ट बाहेर कळत नाही. लागोपाठ ठरावीक उत्तरं चुकली की तो भाग तिथेच थांबवायचा असतो. धीट मूल अंदाजाने काहीतरी ठोकून देतं, त्यातलं एखादं बरोबर निघतं आणि गाडी पुढे सरकते. जपून बोलणारं मूल "माहीत नाही" म्हणतं, पुन्हा म्हणतं, तिसऱ्यांदा म्हणतं, आणि भाग संपतो. त्याला खरंच माहीत नव्हतं की चुकायची भीती वाटली, हे आकड्याला कळत नाही. एका मुलाची ठोकळ्यांची नक्षी केव्हाच जुळली होती, पण कडा एका रेषेत येईनात म्हणून तो नखाने एकेक ठोकळा सारत बसला. "झालं?" असं विचारायला परवानगी असते, पण "झालंय, सोड आता" असं सांगायला नसते. घड्याळ पळत राहिलं. त्याचे कमी झालेले गुण वेगाचे होते, पण शेवटी ते बुद्ध्यांकातून वजा झाले.

आता त्या आकड्याकडे वळू. बुद्ध्यांक हे उंची-वजनासारखं माप नव्हे. त्याच वयाच्या मुलांच्या रांगेत हे मूल कुठे उभं आहे, एवढंच तो सांगतो. सरासरी १०० धरलेली असते, आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारी पायरी, १५. दोन पायऱ्या वर चढलं की १३०, आणि त्याच्या वर शंभरात जेमतेम दोन-सव्वादोन मुलं असतात. बऱ्याच ठिकाणी गिफ्टेड मुलांच्या विशेष वर्गाचं दार याच आकड्याला उघडतं. निसर्गाने तिथे काही रेघ मारून ठेवलेली नाही. पंधराची दुप्पट हिशेबाला सोपी, इतकंच. शिवाय चांगल्यात चांगल्या चाचणीतही एकूण आकडा पाचेक गुणांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणून अहवालात त्याच्या शेजारी पल्ला छापतात. १२८ म्हणजे साधारण १२२ ते १३३ मधलं कुठेतरी.

एका शाळेने अशाच १२८ वाल्या मुलाचा अर्ज परत पाठवला. त्यांच्या फॉर्ममध्ये 'बुद्ध्यांक' नावाचा एकच छोटा रकाना होता, पल्ला लिहायला जागाच नव्हती. मी दोन पानी पत्र लिहिलं. १३१ मिळवून आत गेलेल्या मुलाचा पल्ला आणि याचा पल्ला जवळजवळ एकच आहे, दोघांमध्ये दाखवता येईल असा फरक नाही, हे आकृती काढून समजावलं. उत्तर एका ओळीचं आलं: नियमानुसार किमान १३० आवश्यक. दोन पानं लिहायची मलाच हौस, दुसरं काय.

पालक सहसा विचारत नाहीत असा एक साधा प्रश्न आहे: ही चाचणी कधीच्या मुलांवर प्रमाणित केलेली आहे, म्हणजे तुलनेचे तक्ते कुठल्या काळातल्या मुलांच्या गुणांवरून बांधलेत? जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की पिढीगणिक चाचण्यांतले गुण वर सरकत गेले आहेत, ढोबळमानाने दर दहा वर्षांना तीन गुण. अलीकडे काही देशांत ही वाढ थांबली, कुठे उलटलीही. तरी जुन्या निकषांवर आजचं मूल मोजलं तर आकडा फुगून येण्याची भीती असतेच. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे तक्ते वापरणाऱ्याकडे मुलाला सात-नऊ गुण फुकटात मिळू शकतात. आणि या फ्लिन प्रकरणातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट अशी, की सर्वांत मोठी वाढ शब्द नसलेल्या, आकृत्यांच्या कोड्यांमध्ये दिसली. 'यात भाषा नाही, म्हणजे ही चाचणी संस्कारमुक्त', असं जिच्याबद्दल छातीठोकपणे सांगितलं जायचं, तीच परिस्थितीबरोबर सर्वांत जास्त हलली.

वय जितकं कोवळं तितका आकडा डळमळीत. चार-पाच वर्षांच्या वयातला बुद्ध्यांक आणि तेराव्या वर्षीचा बुद्ध्यांक यांचं नातं असतं, पण सैल. साधारण सात-आठ वर्षांनंतर ते घट्ट होत जातं. त्यात टोकाच्या गुणांना एक खोड असते. ज्या मुलांचे गुण एका दिवशी सगळ्यांच्या वर गेले, त्यांत खरोखर तिथली मुलं असतात आणि त्या दिवशी सगळंच जुळून आलेली मुलंही असतात. झोप चांगली झालेली, कोडी ओळखीच्या धाटणीची, समोरची बाई आवडलेली. पुढच्या वेळी ही दुसऱ्या प्रकारची मुलं थोडी खाली येतात. मूल मागे पडलेलं नसतं, पहिल्या दिवशी दान चांगलं पडलेलं असतं. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ही गोष्ट, पण घरात ती कोण समजावणार? बारा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. पाचव्या वर्षी त्याला दणदणीत आकडा मिळाला होता आणि नातेवाइकांत तो पाठ होता. आता बीजगणित जड जात होतं. आई पाणी प्यायला बाहेर गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "तेव्हा चुकून जास्त आले होते का?" सात वर्षं तो मुलगा एका सकाळच्या निकालाला जागायची धडपड करत होता.

म्हणूनच कोवळ्या वयात एकदाच उघडून कायमचं बंद होणारं दार मला मान्य नाही. न्यू यॉर्क शहराने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. तिथे चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन बालवर्गापासूनच्या विशेष वर्गांत प्रवेश दिला जायचा. काही शाळांसाठी ९७ पर्सेंटाइलची, म्हणजे शंभरातल्या ९७ मुलांच्या पुढे असण्याची, अट होती, पण जागा इतक्या थोड्या की प्रत्यक्षात ९९ लाही खात्री नसायची. असं झालं की जे व्हायचं तेच होतं. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांच्या शिकवण्या सुरू झाल्या, सराव-पुस्तकं आली. चाचणी बुद्धी मोजत होती की शिकवणी परवडणारं घर, हे सांगणं कठीण झालं. २०२१ मध्ये ती चाचणी बंद पडली, आणि तिच्या जागी बालवाडीच्या शिक्षकांची शिफारस आणि सोडत आली. हे वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांशीही माझं पटत नाही. चाचणी वाईट म्हणून शिफारस आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिफारशीचं काय होतं ते पुढे सांगते.

त्याआधी थोडं मागे जाऊ. ही चाचणी जन्मली ती हुशार मुलं निवडायला नव्हे. फ्रान्समध्ये सक्तीचं शिक्षण आलं, वर्गात मागे राहणारी मुलं दिसू लागली, १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली, आणि आल्फ्रेड बिने व त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली मापनपट्टी तयार केली. कुठल्या मुलाला जादा मदत हवी ते ओळखायचं, एवढंच तिचं काम. बुद्धी म्हणजे जन्मतःच बांधून मिळालेलं गाठोडं, असं बिने मानत नव्हता. अशा मुलांची लक्ष देण्याची, लक्षात ठेवण्याची ताकद वाढावी म्हणून त्याने व्यायामही सुचवले होते. १९११ मध्ये तो वारला. पुढे ती पट्टी अमेरिकेत गेली, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मनने १९१६ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली, आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार उच्च बुद्ध्यांकाची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा सुरू केला. गरज हुडकायला केलेलं उपकरण अशा रीतीने लायकी ठरवायला लागलं.

टर्मनच्या चाचणीत कमी पडून बाहेर राहिलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही. चाचणीविरोधी मंडळी ही गोष्ट फार चवीने सांगतात. मला तिच्यात तेवढा दम वाटत नाही. नोबेल इतकं दुर्मीळ, की कुठल्याही दीड हजार मुलांतून ते न मिळणं हेच स्वाभाविक, आणि टर्मनची बरीच मुलं पुढे चांगली नावारूपाला आली. माझं लक्ष दुसरीकडे जातं. टर्मनच्या माणसांनी सरसकट सगळ्या मुलांना मोजलंच नव्हतं. मुख्यतः त्यांनी आधी शिक्षकांना विचारलं, वर्गात हुशार कोण? बोट दाखवलेल्या मुलांना चाचणी मिळाली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना कधी कुणी ठोकळे दिलेच नाहीत. ती कोण होती, किती होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न या एका ठिकाणी अडकलाय. चाचणीत खोट आहे की नाही यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो, पण मोठी गळती चाचणीच्या आधीच झालेली असते. शिक्षक बोट कुणाकडे दाखवतात? चटचट हात वर करणाऱ्याकडे, नीटनेटक्या वहीकडे, नीट बोलणाऱ्याकडे. शाळेची भाषा ज्याच्या घरात बोलली जात नाही तो सुटतो. गप्प बसणारी मुलगी सुटते. वर्गातलं वयाने धाकटं मूल सुटतं, कारण शिक्षकांची तुलना वर्गाशी असते, वयाशी नाही. सहा वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. चाचणीच्या तक्त्यांत मुलाला त्याच्याच महिन्यांच्या वयोगटाशी ताडून पाहतात, तिथे हा अन्याय भरून निघतो. पण तो भरून निघायला मूल चाचणीपर्यंत पोचायला तर हवं. आणि पालकांच्या मागणीवर सोडलं तर? मग माझा फोन नंबर शोधायला ज्याला वेळ आहे, अर्ज कुणाकडे करायचा हे ज्याला ठाऊक आहे, शाळेत जाऊन 'माझं मूल वेगळं आहे' म्हणायची ज्याला भीड नाही, त्याचं मूल पोचतं. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईचा फोन मला आजवर आलेला नाही. तिचं मूल हुशार नसेल म्हणून, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड कौंटीत नेमकं हेच तपासता आलं. तिथे विशेष वर्गासाठी नावं शिक्षक आणि पालकांकडून यायची. एका टप्प्यावर तिथल्या शाळांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली, आणि तीत वर आलेल्यांना पुढे मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (मूळच्या स्पॅनिशभाषक), घरी इंग्रजी न बोलणारी अशी कितीतरी मुलं नव्याने पात्र ठरली. मुलींचं प्रमाणही वाढलं. हे होण्यासाठी पात्रतेचे निकष बदललेले नव्हते. ही मुलं आधीपासून तिथेच बसली होती, त्यांचं नाव कुणी पुढे केलं नव्हतं. पुढे आर्थिक मंदीत पैशांची चणचण झाली, सरसकट चाचणी थांबली, आणि जुनी दरी जशीच्या तशी परत आली. मुलं तीच, शाळा त्याच. बदललं ते फक्त कुणाला विचारलं जातं एवढंच.

म्हणून माझा आग्रह असा: छोटी, सामूहिक, सगळ्यांना दिलेली चाचणी, साधारण सात-आठ वर्षांच्या वयात, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा. मुलाची तुलना आधी त्याच्याच शाळेतल्या मुलांशी करावी, कारण वर्गात कंटाळून बसलेलं मूल त्या वर्गात कंटाळतं, देशाच्या सरासरीत नव्हे. खर्चाचा मुद्दा येतोच. पण आज हा खर्च होत नाही असं थोडंच आहे? तो पालक करतात, आणि ज्यांना जमतो तेच करतात.

"मॅडम, सगळीच मुलं आपापल्या परीने गिफ्टेड असतात," असं म्हणून हा विषय मिटवणारे लोक मला शाळाशाळांत भेटतात. ऐकायला गोड आहे. पण चौथ्या वर्षी स्वतःहून वाचायला शिकलेल्या मुलाला पहिलीत वर्षभर अक्षरं गिरवायला बसवणं हा त्या गोडव्याचा परिणाम असेल, तर मला तो नको. पळायला मागे पडणाऱ्या मुलाला मदत द्यायची, आणि पुढे गेलेल्याला सांगायचं 'बाकीचे येईपर्यंत जागच्या जागी उड्या मार', ही समता नव्हे. अशी मुलं हमखास त्रासदायक ठरतात, आणि त्यांची पहिली नोंद हुशारीच्या वहीत न होता तक्रारवहीत होते.

तसाच एक मुलगा माझ्याकडे तक्रारीच्याच वाटेने आला. सात वर्षांचा. बाईंचं म्हणणं, गणिताच्या तासाला सारखा उठतो. मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावरची दहा गणितं त्याने चार-पाच मिनिटांत संपवली. मग पेन्सिलला टोक केलं, टोक मोडलं, परत टोक केलं. त्या एका तासात तो कचऱ्याच्या टोपलीकडे अकरा वेळा गेला. मी मोजलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांच्यासमोर चाळीस मुलं होती आणि त्यातल्या सातजणांना अजून हातच्याची वजाबाकी येत नव्हती.

आईवडिलांना अर्थातच बुद्ध्यांक हवा होता. मी त्यांना म्हटलं, तो नंतर बघू, आधी त्याला काय येतं ते बघू. यामागे जुना अनुभव आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्लीने १९७२ पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठीची सॅट ही कॉलेज-प्रवेश परीक्षा द्यायला लावली. स्वतःच्या वर्गाच्या परीक्षेत ही मुलं सगळी एकसारखीच दिसायची, सगळ्यांना पैकीच्या पैकी. कोण एक पाऊल पुढे आणि कोण सहा पावलं पुढे, ते वरच्या पेपरातच उघडं पडलं. मी त्या मुलासाठी त्याच्या शाळेतलेच पुढच्या दोन इयत्तांचे गणिताचे वार्षिक पेपर मागून घेतले. एका इयत्तेचा पेपर त्याने जवळजवळ पूर्ण सोडवला. त्यापुढच्यात अपूर्णांकांपाशी अडकला आणि म्हणाला, "हे शिकवा ना." आम्हाला हवं होतं ते त्या तीन शब्दांत मिळालं.

मग शाळेशी बोलणं झालं, आणि ते सोपं नव्हतं. फक्त गणिताच्या तासाला तो वरच्या वर्गात बसेल, बाकी सगळं आपल्या वर्गात, असं ठरलं. त्यासाठी दोन वर्गांचे गणिताचे तास एकाच वेळी आणावे लागले, आणि वेळापत्रक लावणाऱ्या सरांनी आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. पहिल्या आठवड्यात तो रडला. बाक उंच, मुलं मोठी, आणि त्याचं लिहिणं सात वर्षांच्या मुलाचंच होतं, त्यामुळे उत्तर डोक्यात तयार आणि वहीत तीन ओळी मागे. तिथल्या बाईंनी आपणहून मार्ग काढला. अर्धी उत्तरं तोंडी घ्यायला लागल्या. महिन्याभरात त्याचं उठणं थांबलं. इतर तासांना अजून उठतो, पण ते सगळेच उठतात.

चाचणीचं वावडं मला नाही, हे एका दुसऱ्या मुलीवरून सांगता येईल. बोलायला तरबेज, वाचायला बसवलं की रडारड. शिक्षकांच्या लेखी सर्वसाधारण. पूर्ण चाचणी केली तेव्हा शब्द आणि तर्काचे भाग वरच्या टोकाला निघाले, आणि ऐकून लक्षात ठेवण्याचे, वेगाचे भाग बरेच खाली. एकूण बेरीज अगदी मध्यम. हुशारीने अडचण झाकली होती आणि अडचणीने हुशारी, आणि दोन्हींकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. पुढच्या तपासणीत वाचनाची अडचण नक्की झाली. तिला वाचनासाठी मदत मिळाली आणि विज्ञानाला वरचं काम. इथे चाचणीविना मी आंधळी असते. पण तिच्याही बाबतीत उपयोगी पडले ते सुटे भाग. शेवटच्या पानावरचा आकडा तर उलट दिशाभूल करत होता.

तेव्हा ज्यांनी तारीख घेऊन ठेवलीच आहे त्यांना एवढंच सांगते. पल्ला विचारा, चाचणीची आवृत्ती विचारा, सुटे भाग नीट समजावून घ्या. मनासारखं आलं नाही म्हणून महिन्याभरात दुसरीकडे तीच चाचणी करू नका, सरावाने गुण चढतात आणि मग त्या आकड्याचं कुणालाच काही करता येत नाही. मुलाला सांगा, कोडी सोडवायला जायचंय. आकडा त्याला सांगायची गरज नाही, आणि आत्याला तर मुळीच नाही.

त्या पेन्सिलवाल्या मुलाच्या शाळेतून वर्षअखेरीला फोन आला. वरच्या वर्गात बसणाऱ्या मुलांची यादी कुठेतरी पाठवायची होती. नाव, जन्मतारीख, चाचणीची तारीख, बुद्ध्यांक. पहिले दोन रकाने भरून झाले होते.

"मॅडम, आकडा काय टाकू?"

"काढलाच नाही."

"मग तो वरच्या वर्गात कसा बसतो?"

"गणित येतं म्हणून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "रकाना रिकामा ठेवता येत नाही हो. शून्य टाकू का?"